रबराचं पथ्य

माणसाने डॉक्टर व्हावं, पण गावात होऊ नये. आणि गावात झालाच, तर निदान जीप घेऊ नये. ही दोन्ही मतं माझी पत्नी लीला हिची आहेत. पहिलं ती माहेरची माणसं आली की बोलून दाखवते आणि दुसरं जीपमध्ये बसली की. जीपमध्ये डिझेल इंजिन बसवल्यापासून तिचं वाक्य ‘निदान’पाशीच तुटू लागलं आणि उरलेलं मला घरी आल्यावर ऐकावं लागू लागलं.

जीप मिलिटरीच्या लिलावातली. पलूसजवळच्या आमच्या गावातून वाड्यावस्त्यांवर रोगी बघायला सायकल पुरत नव्हती, हे मी लोकांना सांगायचं कारण. खरं कारण माझे वडील. आबा, म्हणजे हवालदार नाथाजी, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यापासून त्यांना काही कामच उरलं नाही. जमीन वाट्याने दिलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला आणि घरातली सून हुकूम ऐकणारी नव्हे. दिवसभर ते भिंतीला टेकून बसत आणि चहा गार का झाला याची चौकशी करत. मला ते बघवत नसे. जीप दारात उभी राहिली त्या दिवशी आबांनी कुणी न सांगता दाढी केली.

चालवायला मी त्यांना देत नव्हतो, पण गाडीची निगा त्यांनी आपल्याकडे घेतली. दर रविवारी सकाळी खाकी अर्धी चड्डी चढवून ते अंगणात उतरत. याला ते ‘मेंटेनन्स परेड’ म्हणत. रविवार आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. माझा दवाखाना सकाळपासून भरलेला असे, त्यामुळे या परेडीत नेमकं काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. गाडी चकचकीत होते आणि त्या दिवशी आबा एक भाकरी जास्त खातात, एवढं मला पुरेसं होतं.

मग चौऱ्याहत्तर साल उजाडलं आणि पेट्रोल असं भडकलं की लांबच्या रोग्याकडे जाण्यापेक्षा त्याचं एस.टी.चं तिकीट मी काढणं स्वस्त पडू लागलं. गावात चर्चा सुरू झाली. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत गेलेला आहे, आणि म्हणून इथे सल्ला ज्ञानाप्रमाणे मिळत नाही, हुद्द्याप्रमाणे मिळतो. शेजारचे सुभेदार लालासाहेब पायदळात होते. सगळी नोकरी त्यांनी चालत काढली. पण गावात त्यांच्या वरचा हुद्दा कुणाचाच नसल्यामुळे मोटारींच्या बाबतीतही शेवटचा शब्द त्यांचाच असे.

“नाथाजी, डिझेल इंजिन बशीव,” ते आमच्या कट्ट्यावर बसून म्हणाले. “पेट्रोल आता पुढाऱ्यांनी जाळायचं.”

“जी साब,” आबा म्हणाले. सुभेदार गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, “जीपला डिझेल म्हंजी घोड्याच्या पोटात रेड्याचं काळीज. पर साबानं सांगितलं, आता काय इलाज न्हाई.”

अशा रीतीने एका पायी चालणाऱ्या माणसाच्या हुकमावरून आम्ही कुपवाडला सिकंदर मिस्त्रीकडे गेलो. सिकंदर मिस्त्री नम्र माणूस नव्हता. आपण हात लावला नसता तर सांगली जिल्ह्यातली निम्मी वाहनं बैलांनी ओढावी लागली असती, असं तो उघडपणे म्हणत असे. त्याने एका उलटलेल्या टेंपोचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. ते उंचीला जास्त भरलं, म्हणून बॉनेटला मधोमध कुबड काढलं. जुनं पेट्रोल इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलं आणि मला म्हणाला, “हे घरी न्या. ज्याचं त्याच्या दारात बरं.”

शेवटी तो जीपखाली शिरला आणि पुढच्या-मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, बुश बदलून बाहेर आला. बुश म्हणजे पाट्याच्या टोकाला जो डोळा असतो त्यात बसणारी बांगडी. जीपचे मूळचे बुश लोखंडी होते. सिकंदरने रबरी बसवले.

“डिझेल हाय, डाक्टर. हादरणार. लोखंड ऱ्हायलं तर तुमची हाडं वाजतील,” तो हात पुसत म्हणाला. “आता ह्या रबराला पथ्य येकच. तेल न्हाई, ग्रीस न्हाई, हात लावायचा न्हाई. लोखंडाला दर हप्त्याला ग्रीस पायजे, रबराला ग्रीस म्हंजी इख.”

मी मान डोलावली. माझे रोगी माझ्यासमोर डोलावतात, अगदी तशीच. आबा त्या वेळी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका पेन्शनराशी तेजपूरच्या पावसाबद्दल बोलत होते. परत आले तेव्हा सिकंदरने फेकलेले लोखंडी बुश आणि पाटे गाडीला अडकवायचे शेकल त्यांनी एकेक करून धुळीतून वेचले आणि पटक्याच्या टोकात बांधले. “सरकारी माल हाय,” एवढंच म्हणाले.

इंजिन चांगलं होतं. फार थरथरत होतं, पण चालत होतं. माझ्या पेशाला मात्र ते मानवलं नाही. कंपाउंडरने बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवावी आणि वस्तीवर पोचेपर्यंत ती गळून पडावी. थर्मामीटरचा पारा झटकायची गरज उरली नाही. तो वाटेतच खाली येई. बनुबाई नावाची माझी एक जुनी रोगी आहे, तिला काही होत नाही पण ती येते. तिला एकदा मी वस्तीवरून गाडीतून गावात आणलं. उतरल्यावर ती दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, “डाक्टर, इंजक्शन नगं. सगळं हाललं, आता बरं वाटतंया.” ही गोष्ट तिने बाजारात सांगितली. पुढच्या आठवड्यात दोघे जण गाडीत नुसतं बसायला आले.

महिना झाला असेल नसेल, गाडी डावीकडे ओढू लागली. खड्ड्यात चाक गेलं की खालून ‘खटॅक’ असा आवाज येई. सिकंदरने जीप उचलून पाहिली तर रबरी बुश भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते आणि बोटाने दाबले की तुकडा हातात येत होता. इंजिनाखालची रबरंही तशीच.

“ह्याला काळं काय लागलंय?” मी विचारलं.

“डांबर,” सिकंदर ठामपणे म्हणाला. “रस्त्याचं उडतंय.”

आमच्या गावाच्या रस्त्याला डांबर अजून लागायचं होतं. पण एखाद्याने निदान इतक्या ठामपणे सांगितलं की समोरचा मान हलवतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं, आणि मी हलवली. नवे बुश बसले. तेही तसेच गेले. या खेपेला सिकंदर म्हणाला की यंदा रबराचा मालच खराब येतोय. सुभेदार लालासाहेबांचं मत पडलं की मी गाडी हळू चालवतो. जीप ही चाल करून जाण्यासाठी असते, तिला रेंगाळत नेलं की तिचं मन मोडतं. उसाचे मोठे बागायतदार मानसिंगराव म्हणाले की डिझेल इंजिनाला नारळ फोडलात, पण गाडीला पुन्हा फोडला नाहीत. मी तोही फोडला. आबांना विचारलं तर ते मान हलवून म्हणाले, “मिस्त्री कच्चा हाय. मी बघतो व्हय, म्हणून येवडी तरी टिकतीया.”

एवढ्यात पासिंगचं निघालं. गाडीच्या कागदावर पेट्रोल आणि पोटात डिझेल, म्हणजे कायद्याने ती गाडी वेगळीच होती. पासिंगचे साहेब महिन्यातून एकदा सांगलीला कॅम्पला येत. त्याआधी कागद तयार करणाऱ्या कारकुनाकडे जावं लागे. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“जुनं इंजिन कुठाय?”

“घरी आहे.”

“घरी आहे हे कशावरून? त्या नंबरचं इंजिन कागदावर जिवंत आहे. उद्या तुम्ही ते दुसऱ्या गाडीत घातलंत तर एका कागदावर दोन गाड्या फिरतील. आणून दाखवा.”

जुनं इंजिन आमच्या गोठ्याशेजारी पडलं होतं आणि त्याच्या एका बाजूच्या खोबणीत लीलाची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायला लीलाने साफ नकार दिला. शेवटी पिल्लं बाहेर पडेपर्यंत पासिंग एक महिना पुढे ढकललं. तालुक्याच्या एका पदवीधर डॉक्टरचं सरकारी काम कोंबडीमुळे अडलं, हे सगळ्या गावाला कळलं होतं आणि दवाखान्यात येणारा प्रत्येक जण नाडी हातात दिल्यावर आधी कोंबडीची चौकशी करत होता.

कॅम्पच्या दिवशी चौघांनी मिळून ते इंजिन जीपच्या मागच्या भागात चढवलं. सुभेदारांनी ‘एक-दो’ मोजलं. बुश महिन्याभरापूर्वीच, तिसऱ्यांदा, बदललेले होते. तरी माधवनगरच्या अलीकडे खालून तो ओळखीचा ‘खटॅक’ आलाच. सांगलीत मैदानावर गाड्यांची रांग लागली होती. साहेब तरुण, शांत आणि उन्हाने वैतागलेले होते. त्यांनी मला गाडी पुढे घेऊन ब्रेक मारायला सांगितलं. मी ब्रेक मारला. गाडी थांबली, पण थांबताना डाव्या अंगावर झुकून तिने साहेबांना असा काही मुजरा केला की रांगेतले ड्रायव्हर हसले. मागचं इंजिन घसरून फळीवर आदळलं.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“जुनं इंजिन.”

“ते कशाला आणलंत?”

मी कारकुनाकडे बोट दाखवलं. कारकून त्या वेळी दुसरीकडे बघत होता. साहेबांनी खाली वाकून पाट्यांकडे पाहिलं आणि गाडी नापास केली. पुढच्या कॅम्पला या, म्हणाले.

घरी आल्यावर लीलाने आधी सगळ्यांना वाढलं. जेवणं झाल्यावर म्हणाली, “पुढच्या खेपेला पास झाली तर ठेवा. नाहीतर कुपवाडला भंगारात द्या. मी आता या गाडीसाठी एकही रुपया काढू देणार नाही, आणि तुमची कंबरही.” तिचं बरोबर होतं. आबा पडवीत होते, त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. चहा गार आला, तरी काही विचारलं नाही. गाडी गेली तर हा माणूस पुन्हा त्या भिंतीला जाऊन टेकणार आणि या खेपेला उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं आणि भीती वाटली.

पुढचा कॅम्प दोन दिवसांवर आला. त्या रविवारी मी दवाखान्यात गेलो आणि इंजेक्शनच्या सुयांचा डबा घरीच राहिल्याचं लक्षात आलं. बनुबाईला बाकावर बसवून मी घरी परतलो. अंगणात जीप उभी होती आणि तिच्याखालून खाकी चड्डीतले दोन पाय बाहेर आले होते.

“डावा आगला शेकल!” खालून करारी आवाज आला. मग त्याच तोंडाने, पण जरा नरम, उत्तर आलं, “हो गया, साब!”

मी वाकून पाहिलं. आबा पाठीवर झोपले होते. छातीवर एक डबा होता आणि हातात कोंबडीचं पीस. डब्यात डिझेल इंजिनातून निघालेलं जळकं काळं तेल होतं. ते पीस तेलात बुडवून आबा बुशाच्या कडेकडेने, काजळ घालावं तितक्या जपून, फिरवत होते. बुश झाल्यावर इंजिनाखालच्या रबरांची पाळी आली. एक थेंब खाली सांडत नव्हता.

‘डांबर’ म्हणजे काय ते मला कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वेळा कुपवाडच्या खेपा, साहेबांसमोरचा मुजरा, गावभरची कोंबडी, सगळं एकदम आठवलं. मी ओरडायला तोंड उघडलं.

“कोन? डाक्टर व्हय?” आबांनी मान वळवली. कपाळावर काळा ठिपका होता आणि कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर समाधान. “बघ, त्या येडपट मिस्त्रीनं ग्रीसची निप्पलंच काढून टाकल्यात. गन लावायची कुटं? मग पिसानं लावतो. तेल आपल्या इंजिनाचंच हाय, फुकट जात न्हाई. ह्या बारीला दोन हात जास्त दिलेत. बघ पास हुती का न्हाई.” मग पीस पुसत म्हणाले, “मी हाय म्हणून ही गाडी उभी हाय रं.”

मी सुयांचा डबा घेतला आणि दवाखान्यात गेलो. त्या दिवशी मी बनुबाईला दोन इंजेक्शनं दिली. एक कशाबद्दल, ते मलाही माहीत नव्हतं.

रात्री सिकंदरचं वाक्य आठवलं, लोखंडाला दर हप्त्याला ग्रीस पायजे, आणि माझा विचार पक्का झाला. सकाळी आबांना म्हणालो, “आबा, रबर काय चालत नाही. ते जुने लोखंडी बुश कुठे आहेत?”

आबा आत गेले. आपली फौजेतली ट्रंक उघडून त्यांनी एक गाठोडं बाहेर आणलं. त्यात सगळे बुश, शेकल आणि निप्पलंसुद्धा, प्रत्येक नग वेगळ्या चिंधीत गुंडाळलेला, होते. “टाकला हुता नव्हं त्यानं?” ते म्हणाले. त्यांनी ताबडतोब दाढी करायला पाणी मागितलं.

सिकंदरला हे अजिबात पटलं नाही. “लोकं लोखंड काढून रबर घालत्यात, तुमी उलटं करताय. डाक्टर, हाडं वाजतील!”

“वाजू दे,” मी म्हणालो.

“माझं नाव सांगू नगासा कुणाला.” तो रागारागाने जीपखाली शिरला. आबा त्याला पाने द्यायला खाली बसले. मी या खेपेला मुद्दाम चहाच्या टपरीवर गेलो, कारण तिथे उभं राहून त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणं मला जमलं नसतं. परत आलो तेव्हा काम झालं होतं. आबा गप्प होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी कॅम्प होता. जुनं इंजिन आम्ही पुन्हा लादून नेलं होतं. कारकून म्हणाला, “हे कुणी आणायला सांगितलं?” माणूस कशाकशाला उत्तर देणार? साहेबांनी ब्रेक मारायला लावला. जीप खडखडत गेली आणि जागच्या जागी सरळ थांबली. साहेब खाली वाकले, शेकलवरून बोट फिरवलं, बोटावरचं ताजं ग्रीस पाहिलं.

“गाडीची देखभाल कोण करतं?”

अशा वेळी आबा टाच आपटून पुढे होतात. या वेळी झाले नाहीत. ते बॉनेटच्या कुबडाकडे बघत उभे होते.

“वडील करतात,” मी म्हणालो. “फौजेत ड्रायव्हर होते.”

“ग्रीसिंग उत्तम आहे,” साहेब म्हणाले आणि गाडी पास झाली.

परतीच्या वाटेवर सिकंदरचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. दात वाजत होते, दरवाजे वाजत होते, मागचं इंजिन वाजत होतं. भिलवडी मागे पडली. तेव्हा आबा समोर बघतच म्हणाले, “सिकंदर सांगत हुता, रबराला तेल लागलं की रबर सडतं.”

मी गिअर बदलला. तो बदलायची गरज नव्हती.

“तुला कवा कळलं?”

“त्या रविवारी. डबा घ्यायला आलो तेव्हा.”

“आन बोलला न्हाईस.”

“नाही.”

एक मोठा खड्डा आला. दोघेही छताच्या कापडाला लागून खाली बसलो.

“म्हणून ह्यो लोखंडाचा खटाटोप,” आबा म्हणाले. त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग घसा खाकरून म्हणाले, “बिमारी ठावं आसून सांगितली न्हाईस. सरकारी गाडी आसती तर तुझं कोर्ट मार्शल झालं आसतं.”

“जी साब,” मी म्हणालो.

लीला आता जीपमध्ये उशी घेऊन बसते. गाडी पास झाली, तेव्हा शब्दाला जागून ती भंगाराचं नाव काढत नाही. फक्त उशी काढते. सुभेदार लालासाहेब सांगतात की लोखंडाचा सल्ला त्यांचाच होता.

पुढच्या रविवारी पहाटे मला कुणीतरी पायाला धरून उठवलं. उशाला एक खाकी अर्धी चड्डी घडी करून ठेवलेली होती. कंबर मला सैल झाली, लीलाने सुतळी दिली. डाव्या बाजूची निप्पलं आबांची आणि उजवीकडची माझी, अशी वाटणी झाली. ग्रीसची गन मला नीट धरता येईना. पहिलं निप्पल आबांनी पुसून पुन्हा करायला लावलं आणि दुसरंही.

बाजार भरत आला तशी बनुबाई दवाखान्याला कुलूप बघून घराकडे आली.

“डाक्टर हायत का?”

लीलाने जीपखालच्या चार पायांकडे बोट केलं. “त्यातले गोरे दोन.”

“डाक्टर,” बनुबाई वाकून म्हणाली, “लय दुकतंया वो.”

“परेड झाल्याबिगर सुट्टी न्हाई,” डावीकडून आबा म्हणाले. “उजवा पिछला शेकल!”

“हो गया, साब,” मी म्हणालो.

“बघू,” आबा म्हणाले, आणि माझं काम तपासायला खालच्या खाली सरकत माझ्या बाजूला आले. बनुबाईने जुन्या इंजिनावरच्या कोंबडीला जरा सरकवलं आणि शेजारी बसून वाट बघू लागली.